मामीची नजर

पुणे
६ ऑक्टोबर २०२४

मामी,

वाकून नमस्कार करून मगच लिहायला बसले आहे, तेव्हा तुमचा हात पाठीवर आहे असं धरून चालते.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि अंगदला मध्ये घातलं की तो माझं निम्मं बोलणं स्वतःच्याच शब्दांत सांगतो. मुलगा तुमचा आहे, पण निरोप्या म्हणून कामाचा नाही. म्हणून हे पत्र.

बातमी अशी की फेब्रुवारीत मुंबईत माझं मोठं प्रदर्शन आहे. वीस-बावीस वर्षांत मी जी माणसं काढली, ती सगळी एका छताखाली. मांडणी करणारा अमरसिंह म्हणून आहे, मोठा जाणकार माणूस. तो म्हणतो, सुरुवात मामीपासूनच करायची. तुमचं चित्र ज्यांनी घेतलं त्यांच्याकडून ते महिनाभरासाठी मागून आणणार आहेत.

तो उन्हाळा तुम्हाला आठवतो का? मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. केजला अण्णांचं पाट्या रंगवायचं दुकान बंद पडायला आलं होतं. पुढाऱ्यांचे गाल गुलाबी करत मी लहानाची मोठी झाले, पण समोर जिवंत माणूस बसवून कधी काढलं नव्हतं. नांदूरघाटला आले आणि गहिनीनाथमामांना म्हणाले, मला मामी काढायची आहे. मामांनी घरात जाहीर करून टाकलं, "शीलीचं काम चालू असेपर्यंत विमलला कुणी हाक मारायची नाही." दुपारची जेवणं झाली की तुम्ही ओसरीवर पांढऱ्या मातीनं सारवलेल्या भिंतीला टेकून बसायचा. थोड्या वेळानं तुमच्या डोळ्यांत काहीतरी यायचं. तुम्ही माझ्याकडे बघत नव्हता, समोरच्या कडुलिंबाकडेही नाही. कुठेतरी आत, लांब.

त्या चित्रानं मला बक्षीस दिलं, नाव दिलं. मी फोटोवरून काढत नाही, माणूस समोर बसवते, मागे एकच मातकट रंग ठेवते, हात जड काढते, हे सगळं तुमच्या ओसरीवर सुरू झालं. लोक माझ्या चित्रांबद्दल बोलताना 'आत वळलेली नजर' म्हणतात. ती नजर तुमची आहे.

मला तुम्हाला पुन्हा काढायचं आहे. तीच जागा, तीच नजर, वीस वर्षांनंतरची. दोन्ही चित्रं शेजारी लावायची. दिवाळी झाली की येऊ का?

तुमची,
सत्यशीला


नांदूरघाट
२० ऑक्टोबर २०२४

शीला, लेकी,

शंभर वर्सं जग. पत्र पोचलं. पोस्टमन म्हणला, मामी, आता पत्रं फकस्त बँकेची येत्यात, हे कुणाचं? म्हणलं, माझ्या भाचीचं, ती माणसं काढती.

अंगदच्या हातानं सीताफळं धाडलीत, केजच्या गाडीवाल्याकडं दिलीत. वरची आधी खा, खालची कच्ची हायेत. सोयाबीन निघालं. तूर बरी हाय. दीपमालाला पुन्ना दिवस गेलेत, पाचवा लागलाय, सून म्हणून लई गुणाची हाय, पर या येळंला तिला खाल्लेलं पचंना. बाकी सगळे खुशाल.

आता चित्राचं. बाई, मला कावून काढतीस? केस पांढरे झाले, पुढचे दात गेले. तुझे मामा गेल्यापास्नं आरशापुढं उभं राहायचं बी ध्यानात राहत न्हाई. दीपमालाला काढ. नाकीडोळी नीटस हाय आन् फोटूला हलत न्हाई.

पेपरातलं बारीक अक्षर मला दिसत न्हाई, मागं अंगदनं वाचून दाखवलं. तू म्हणलीस, मामीच्या डोळ्यात तृप्ती व्हती, साऱ्या घराचं करून धरून वर समाधानानं बसलेली बाई. मला हसू आलं. आन् खरं सांगू, जरा भ्याव बी वाटलं.

ते तोंड मला आता करता यायचं न्हाई. तव्हा बी मी केलं नव्हतं.

तू ये, पर नुसती जेवायला ये. ब्रश आणू नको.

मामी


पुणे
३ नोव्हेंबर २०२४

मामी,

सीताफळं पोचली. वरची संपली, खालची तांदळात ठेवली आहेत. घरभर वास आहे, रंगांच्या वासावर मात करणारा.

तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं. मामांना जाऊन तीन वर्षं होत आली आणि तुम्ही अजून स्वतःला आरशात बघत नाही, हे काही बरं नाही. मला कळतं, मामी. ज्या माणसासाठी चेहरा हसरा ठेवायचा तेच राहिलं नाही, तर चेहऱ्याचं करायचं काय, असं वाटत असेल. पण मी तुमच्याकडे भाची म्हणून येणार आहे आणि चित्रकार म्हणूनही. मला पांढरे केस हवे आहेत. गेलेले दातही हवे आहेत.

आणि ती तृप्तीच होती. भ्यायचं काय त्यात? मी रोज दोन-दोन तास तुमच्या डोळ्यांत बघत होते. दिल्लीच्या एका प्राध्यापकांनी तुमच्या त्या नजरेवर पानंच्या पानं लिहिली आहेत. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं तुमचं चित्र समोर ठेवून तासन्‌तास बसतात. इतकी माणसं चुकतील कशी?

माझं काम छान चाललं आहे. मागच्या महिन्यात एका कारखान्याच्या अध्यक्षांचं चित्र काढून दिलं. आता हातात नवीन काही घेतलेलं नाही, कारण तुमच्यासाठी वेळ राखून ठेवला आहे.

मी जबरदस्ती करणार नाही. पण एवढं तरी सांगा. त्या दुपारी तुम्ही काय बघत होता? वीस वर्षांत हे मी तुम्हाला एकदाही विचारलं नाही, याचंच मला आज नवल वाटतं आहे.

तुमची,
शीला


नांदूरघाट
१९ नोव्हेंबर २०२४

शीला,

तू इचारलंस म्हून सांगते. कुणापाशी बोलू नको, न्हाईतर तुझं बक्षीस माघारी मागत्याल.

मी झोपलेली व्हते.

हसू नको. तुला आठवत असंल, तव्हा घर किती मोठं व्हतं. सासू, सासरे, दीर, जावा, गडीमाणसं, म्हशी. कोंबडा आरवायच्या आधी चुलीपुढं बसायची ती भाकरी सरंस्तोवर. मंग पाणी, मंग रान. दुपारी जरा पाठ टेकवली की हाक आलीच. तुझ्या मामांनी तसं सांगितलं आन् माझ्या जन्मात पहिल्यांदा मला दोन घटका कुणी हाक मारीना. पहिल्या दिवशी मी ताठ बसले. दुसऱ्या दिवशी तू म्हणलीस, मामी, माझ्याकडं बगू नका, तिकडं कुठंतरी बगा. भिंत पाठीला कोमट लागत व्हती. डोळे उघडेच ऱ्हायले आन् मी आत गेले. जात्यावर बसायची तव्हापास्नंची सवय ती, उघड्या डोळ्यांनी झोपायची. सासूबाईला कधी कळलं न्हाई, तुला कसं कळंल?

आता जे सांगते ते तुझ्या मामांना बी सांगितलं नव्हतं.

माझी आई गीताबाई मी लई लहान असताना गेली. तिचं तोंड मला आठवत न्हाई. फोटू न्हाई. थोरल्यांना इचारलं तर म्हणायचे, चांगली व्हती. चांगली म्हंजी कशी, ते कुणी सांगंना. माझं माहेर मांजरसुंब्याकडचं, तिथनं कपिलधार जवळ. आमी पोरं चालत जायचो.

तर ओसरीवर डोळा लागला की मी कपिलधारला जायची. पाणी पडायचं पर आवाज न्हाई. पाण्याच्या मागं कोरडी जागा, तिथं एक बाई पाठमोरी बसून लुगडं धुती. ती माझी आई, हे मला कुणी सांगावं लागलं न्हाई. पहिल्या दिवशी मी लांब व्हते, ह्या काठाला. दुसऱ्या दिवशी झोप तिथूनच पुढं सुरू झाली, जिथं आदल्या दिवशी सुटली व्हती. रोज जरा पुढं. दगडं शेवाळलेली, जपून पाय टाकायचा. रोज वाटायचं, आज पोचंन. तेवढ्यात तू म्हणायचीस, मामी, पुरे, उजेड गेला.

शेवटच्या दिवशी मी इतकी जवळ गेलते की हात लावला असता. तिला चाहूल लागली. ती वळायला लागली. कान दिसला, कानातली बुगडी दिसली, केसांची एक बट ओली गालाला चिकटलेली दिसली. आन् तू म्हणलीस, झालं! चित्र झालं!

दुसऱ्या दिवशी तू गेलीस. मी दुपारी जाऊन त्याच जागेवर बसले. सासूबाईनं हाक मारली.

त्याच्यानंतर ते सपान कधी पडलं न्हाई. आन् आता तर झोपच विरळ झालीय. हाक मारणारं कुणी ऱ्हायलं न्हाई, तरी डोळा लागत न्हाई.

तृप्ती कसली गं, लेकी? आईचं तोंड बगायला मिळतंय का न्हाई, ह्या घोरात बसलेली बाई ती.

मामी


पुणे
२८ नोव्हेंबर २०२४

मामी,

पत्र वाचून मी आधी मोठ्यानं हसले. दिल्लीचे प्राध्यापक डोळ्यांपुढे आले. मग परत वाचलं. बुगडीपाशी आले आणि पुढे वाचवेना.

त्या दिवशी मला खरंच वाटलं होतं की चित्र झालं. तुमच्या चेहऱ्यावर असं काही आलं होतं की आता एक हातही जास्त फिरवला तर ते पळून जाईल. ते काय होतं हे आज कळलं. ती वळत होती.

तुम्ही एवढं सांगितलंत, तर मीही लपवत नाही. माझं काम छान चाललेलं नाही. वर्षभरात एकही चेहरा माझ्या हातून जिवंत झाला नाही. त्या अध्यक्षांना मी म्हणाले, साहेब, जरा आत बघा. त्यांनी पोटात कळ आल्यासारखं तोंड केलं. मी तेच रंगवलं. त्यांच्या घरच्यांना फार आवडलं. मी घरी आले आणि ब्रश धुतले, ते तसेच बरणीत वाळून उभे आहेत. प्रदर्शन नको असं अमरसिंहला सांगायचं मी मनात पक्कं केलं होतं. त्याआधी एकदा तुमच्याकडे यावं, ती नजर पुन्हा सापडते का बघावं, असं वाटलं म्हणून ते पहिलं पत्र. तुमची आठवण आली म्हणून लिहिलं असं तुम्हाला वाटलं असेल, तर तेही खोटं नाही. पण गरज माझीच होती.

मी येते आहे. डिसेंबरच्या मध्यात. तुम्ही फक्त ओसरीवर बसा. झोप लागली तर मी ब्रश हातात धरून थांबेन, "झालं" म्हणणार नाही. उजेड गेला तरी म्हणणार नाही. चित्र होवो न होवो, या वेळी त्यांना पूर्ण वळू देऊ.

शीला


नांदूरघाट
५ जानेवारी २०२५

शीला,

पहिल्या गाडीनं गेलीस. चहा बी घेतला न्हाईस. दीपमालानं तुझ्यासाठी दशम्या बांधल्या व्हत्या, त्या दुपारी आमीच खाल्ल्या. कोरड्या लागल्या.

लई दिवस झाले, राग गेला असंल म्हून लिहिते. तुझा बी आन् माझा बी.

तू आलीस तव्हा मला लई आनंद झालता. पर बाई, ती ओसरी ती ऱ्हायली न्हाई. अंगदनं फरशी बसवली, भिंतीला हिरवा ऑइलपेंट दिला. पाठ टेकवली की गार लागतं. तरी मी बसले. तू समोर. दीपमाला पायाचा आवाज न करता चालत व्हती. अंगदनं मोटार बंद ठेवली, शेजारच्या गिरणीवाल्या केशरबाईला सांगितलं की आज दळण नको. सारं घर माझ्या झोपंची वाट बगत बसल्यावर झोप येती व्हय?

म्हून मी बोलत बसले. तुझ्या मामांचं सांगितलं, ते लग्नात घोड्यावरनं पडले ते. म्हैस इहिरीत पडली व्हती ते सांगितलं. तू हसत व्हतीस, हात चालत व्हता. मी एकदा उठून बगितलं तर तू मला तोंड उघडं असलेली काढलीस, दात गेलेली जागा सुदीक! मला वाटलं, चाललंय बरं.

पर रोज संध्याकाळी तू त्या चित्राकडं बगून गप व्हायचीस. जेवण जाईना तुला. डोळ्याखाली काळं आलं. तव्हा मला वाटलं, पोर इतक्या लांबनं आली, हिला ते पाहिजे ते देऊन टाकावं. ते पेपरातलं चित्र मी लई येळा बगितलंय. मान जरा तिरपी, डोळे जरा जड, व्हट सैल. मी तसं केलं.

तू ब्रश खाली टाकलास. "मामी, नाटक करू नका." दीपमाला समोर व्हती.

नाटक नव्हतं गं ते. माया व्हती.

तुझं एक पातळ आन् ती तेलाची बाटली इथंच ऱ्हायली. बाटलीचा वास लई उग्र, माळवदावर ठिवलीय. तूर काढायला आली. हुरड्याला पोरं येऊन गेली, तुझी सय केली.

मामी


पुणे
१४ जानेवारी २०२५

मामी,

आज संक्रांत. तीळगूळ सोबत पाठवला आहे. तो घ्या, आणि मी जे बोलले ते विसरता आलं तर विसरा. दीपमालालाही तिच्या वाटचा द्या. दशम्या सोडून गेले याचं गाडीत बसल्या बसल्या वाईट वाटलं होतं, पण गाडी येडेश्वरीच्या डोंगरापर्यंत आली तरी उतरून मागं फिरायचं धाडस झालं नाही.

मला तुमचा राग आला नव्हता, मामी. तुम्ही ते तोंड केलंत आणि मी गारठले. कारण ते तोंड मी ओळखत होते. वीस वर्षं मी तेच तर रंगवत आले आहे. समोर बसलेलं प्रत्येक माणूस, डॉक्टर असो, एखाद्या वकिलाची आई असो, मी "आत बघा" म्हटलं की मला हवं ते तोंड करून द्यायचं. कुणी भिडेनं, कुणी कौतुकानं. तुम्ही म्हणता तसं, मायेनं. आणि मला वाटायचं, मी त्यांच्या आत पोचले. तुमच्या एका चित्रात खरी झोप होती. बाकीच्या सगळ्यांत तिची नक्कल.

हे कळल्यावर आधी सगळं गुंडाळून टाकावंसं वाटलं. मग एका दुपारी तुमचं ते तोंड उघडं असलेलं, अर्धवट चित्र भिंतीला टेकवून बघत बसले. गोष्टीत म्हैस विहिरीत पडली तिथं तुम्ही आला होता. हात वर गेलेला, हिरडी दिसते आहे. त्यात आत वळलेलं काही नाही. सगळं बाहेर आलं आहे. मला वाटतं, ते मी इतक्या वर्षांत काढलेलं दुसरं खरं चित्र आहे.

मी अमरसिंहला सगळं सांगितलं. तुमची परवानगी न घेता सांगितलं, रागवा. तो म्हणाला, "सत्यशीलाताई, अख्खी पिढी त्या नजरेवर लिहीत आली आहे. आता तुम्ही म्हणणार, बाई झोपल्या होत्या?" मी म्हणाले, "होय. बाईंनी स्वतः सांगितलं आहे." त्यानं मांडणीचा आराखडा पुढे ओढला. मग म्हणाला, "मग पाटी बदलावी लागेल." त्या चित्राखाली इतकी वर्षं 'तृप्ती' लिहिलेलं होतं. आता 'मामी झोपली आहे' लिहिणार. बक्षीस कुणी माघारी मागत नाही, तेही विचारलं. शेजारी अर्धवट चित्र लागेल, अर्धवटच.

तुम्ही या. ते पहिलं चित्र तुम्ही पेपरात बघितलंत, पण खरंखुरं, पुरं झालेलं कधी पाहिलंच नाही. मी ओलंच घेऊन गेले आणि तुम्ही रानात होता. अंगदला सांगा, दोन दिवसांची सोय मी करते. मी बोलावते आहे ती नजर मागायला नाही. तुम्ही बघावं म्हणून.

शीला


मुंबई
२४ फेब्रुवारी २०२५

मामी,

पोचल्याचा अंगदचा फोन आला. तुम्ही गाडीत गप्प होता म्हणाला. इथूनही तुम्ही गप्पच निघालात. चहा घेतला, "बस चुकंल" म्हणालात, आणि गेलात. तेव्हापासून एकच प्रश्न माझ्या डोक्यात घोळतो आहे. पण आधी तुम्हाला ठाऊक नसलेलं सांगते, कारण त्या वेळी तुम्ही तिथं नव्हता. म्हणजे होता, पण नव्हता.

तुम्ही दालनात आलात, ते अर्धवट चित्र बघून म्हणालात, "हिला मी ओळखते." अंगद हसला. मग तुम्ही पहिल्या चित्रासमोरच्या बाकावर बसलात. पिशवी मांडीवर. मी म्हणाले, काही हवं का? तुम्ही हातानंच नको म्हणालात. मला लोकांनी घेरलं. थोड्या वेळानं वळून बघते तर तुम्ही तशाच बसलेल्या. डोळे उघडे. पण मी आता फसणार नव्हते. मी जवळ आले, तुमचा श्वास बघितला. तुम्ही झोपला होता.

मग काय झालं ते ऐका. तिथं इतकी माणसं होती, पण हळूहळू सगळी आवाज न करता चालायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. दारातून येणारा दुपारचा उजेड जमिनीवर लांब पडला होता आणि भिंतीवरच्या सगळ्या माणसांच्या चेहऱ्यांवर खालून येत होता. समोर भिंतीवर तुम्ही, पस्तिशीतल्या, झोपलेल्या. बाकावर तुम्ही, पांढऱ्या केसांच्या, झोपलेल्या. दोघी एकमेकींकडे बघत. एक म्हातारे गृहस्थ टोपी काढून हातात धरून उभे राहिले. अमरसिंह माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "कागद आणू? काढताय?"

मी नको म्हणाले. मामी, मला पहिल्यांदा काही काढावंसं वाटलं नाही. नुसतं बसावंसं वाटलं. मी तुमच्या शेजारी बसले आणि कुणी तुमच्या समोरून जाऊ लागलं की हातानं थांबवत राहिले. मामांसारखं.

पण दालन बंद करायची वेळ झाली. रखवालदार दोनदा येऊन गेला, तिसऱ्यांदा दिवे घालवायला लागला. अंधारात तुम्ही दचकून उठू नये म्हणून मी तुमच्या खांद्यावर हात ठेवला. तुम्ही लगेच जाग्या झालात. माझ्याकडे असं बघितलंत, जसं मी फार लांबून आले आहे.

मी लवकर उठवलं का? वीस वर्षांपूर्वीसारखं पुन्हा? तुम्ही तिथं गेला होता का? काहीही उत्तर असलं तरी लिहा. खोटं लिहू नका, मायेनंसुद्धा.

काल मी उतरले आहे तिथं दारावर भाजी घेऊन येणाऱ्या बाईंना मी पाच मिनिटं बसाल का विचारलं. त्या बसल्या आणि नवऱ्याला फोनवर शिव्या देत राहिल्या. मी काढलं. तुमच्याकडून आल्यापासून न धुता वाळलेले ब्रश रात्रभर भिजत घालावे लागले होते, पण निघाला रंग.

शीला


नांदूरघाट
९ मार्च २०२५

लेकी,

दीपमालाला मुलगी झाली. दोघी चांगल्या हायेत. म्हून पत्राला उशीर. लेकरू रात्रभर रडतं आन् दिवसभर निजतं. मी तिला मांडीवर घेऊन बसते तर माझा बी डोळा लागतो. आता लागतो. अंगद म्हणतो, आई, तू घोरतीस.

तू इचारलंस ते सांगते. गाडीत कावून बोलले न्हाई, तर तोंड उघडलं की सांडंल असं वाटत व्हतं.

मी त्या बाकावर बसले. समोर ती. माझीच, पर मला ती परकी वाटली, तरणी बाई. तिच्या पाठीमागं तू आपली भिंत काढलीस ती बरोबर काढलीस, हात लावला तर कोमट लागंल अशी. मी तिच्याकडं बगत ऱ्हायले. बगता बगता मला वाटलं, किती दमलीय ही. आन् तिची नीज मला लागली. गर्दी, दिवे, सगळं लांब गेलं.

व्हय, गेले मी. पाणी पडत व्हतं, आवाज न्हाई. मी दगडावरनं चालत गेले न्हाई, तिथंच व्हते, तिच्या पाठीशी, जिथं तू सोडलं व्हतंस तिथं. बुगडी दिसत व्हती. ती वळली.

बगितलं मी तोंड. पोटभर बगितलं. घाई नव्हती. जागी झाले आन् तुझ्याकडं बगितलं, तव्हा ते तोंड अजून डोळ्यात व्हतं. चहा पिस्तोवर पुसट झालं. बसमधी बसले तव्हा गेलं. तू मला म्हणशील, मामी, सांगा, मी काढते. मला सांगता येणार न्हाई. पर मी बगितलं, हे गेलं न्हाई. ते ऱ्हायलं.

मला वाटलं व्हतं, ती मला जवळ घेईल, रडंल. तसलं काही केलं न्हाई तिनं. मी रोजच तिच्याजवळ असल्यासारखी म्हणली, "धर गं जरा." आन् ओल्या लुगड्याचं एक टोक माझ्या हातात दिलं. दुसरं तिच्या हातात. आमी दोघी समोरासमोर उभ्या ऱ्हायलो आन् पिळायला लागलो. ती तिकडनं पीळ देती, मी इकडनं. पाणी गळतंय. लुगडं लई लांब व्हतं. तिच्या हाताला जोर व्हता, शीला, मला टोक घट धरून ठेवावं लागत व्हतं.

तू लवकर उठवलं न्हाईस. पिळून झालं व्हतं. वाळू घालायचं तेवढं ऱ्हायलं व्हतं.

मामी